काड्यांची चुंबळ

गोडी छाटणी उरकली की मोहाडीहून
द्राक्षाच्या काड्यांचा एक भारा येतो शरणपूरला.
दरवर्षी पप्पांच्या लुनावर यायचा.
यंदा रावसाहेबांच्या टेम्पोत,
टोमॅटोच्या क्रेटांखाली दबून.

वाळली काडी कटकन मोडते, हट्टी माणसासारखी.
म्हणून रात्रभर बादलीत.
सकाळी पाण्याला कोऱ्या चहाचा रंग,
आणि काडी हातात अशी वळते
जणू रात्री कुणी तिला समजावून सांगितलंय.

कडं तळहाताएवढंच.
आमच्या गल्लीतली दारं अरुंद,
गिऱ्हाइकांचे खिसेही.
तीन वेढे, चौथा आतून बाहेर,
शेंडा पहिल्या वेढ्याखाली खोचायचा.
काडीला कुरळे तंतू असतात, मळ्यात त्यांना बाळ्या म्हणतात,
त्या कापायच्या नाहीत.
दागिना आयता.

चर्चच्या आवारातली सुरूची बोंडं.
भद्रकालीतून मीटरवर घेतलेली लाल फीत.
आणि तार मोटार वाइंडिंगची, तांब्याची,
पप्पांच्या सातपूरच्या दुकानातलं शेवटचं रीळ.
या तारेनं त्यांनी निम्म्या दिंडोरीच्या विहिरींचं
पाणी वर आणलं.
आता ती बोंडं धरते.
धरते तशीच, घट्ट.

शेजारचे बागूल सर कुंपणावरून म्हणाले,
"छान आहे. याला मराठीत काय म्हणायचं?"
मी तोंड उघडलं आणि मिटलं.

शब्द आहे ना. पुष्पचक्र.
ते देवळालीहून लष्कराच्या ट्रकमधून जातं.
जूनमध्ये एक आमच्याकडेही आलं होतं,
मोटार रिपेअरवाल्यांच्या संघटनेकडून:
निशिगंध, पिवळी शेवंती,
मधोमध पांढऱ्या पुठ्ठ्यावर पप्पांचं नाव.
मकासरेचं माकासरे केलेलं.
एक काना जास्त.
तो काना मी कितीतरी वेळ बघत बसले,
रडायचं राहूनच गेलं.

धाकटा म्हणतो, "रीथ म्हण ना सरळ."
म्हणून पाहिलं.
समोरच्या पोरीनं आईला जाऊन सांगितलं,
शुलमिथताई रिठे विकतेय.

गुरुवारी काड्या कमी पडल्या.
दुसरा भारा आला, पण टेम्पो गल्लीत शिरेना,
तेव्हा जमनाबाई चौरे तो डोक्यावर घेऊन आली.
सुरगाण्याकडची, छाटणीच्या टोळीतली,
बोटांना कात्रीचे घट्टे.
भारा उतरवला, फडक्याची चुंबळ काढून काखेत मारली,
आणि ओट्यावर ओळीनं वाळत ठेवलेली कडी बघून थांबली.
"चुंबळी करती का गं? काड्यांच्या?"

एक उचलली. डोक्यावर ठेवली.
ताठ मानेनं अंगणात पाच-सहा पावलं चालली,
वर काहीच नसताना.
"टोचती," म्हणाली. "पण वजन पेलंल."

मग चहा. मग ती गेली.
मी पुठ्ठ्याचे चौकोन कापले आणि लिहिलं:
चुंबळ, नग एक, ऐंशी रुपये.

रविवारी उपासनेनंतर टेबल मांडलं.
अकरा गेल्या.
एका बाईंनी विचारलं, यावर ठेवायचं काय?
मी म्हटलं, दाराला लावा,
घरात येणारा ज्याचं त्याचं आणतोच.
असं काही बोलायचं ठरवलं नव्हतं.
सुटे पैसे देताना तोंडातून निघून गेलं.

बारावी आमच्या दाराला.

आज निफाडचा पारा पाचवर आहे म्हणे.
मळ्यामळ्यांत उरल्यासुरल्या काड्या पेटवून
घडांना धुराची ऊब देत असतील,
जमनाबाई त्यातल्याच एका आगटीशी बसली असेल.
मी गच्चीवर गेले.
पाण्याच्या टाकीमागे जूनपासून ठेवलेलं
बांबूचं ते मोठं कडं काढलं.
फुलं कधीच गळाली, सुतळी तेवढी शिल्लक.
आमच्या दारावर मावायचं नाही ते.

तरी खाली आणून बादलीत ठेवलं.
अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर.
बांबू भिजून मऊ होतो की नाही, माहीत नाही.
सकाळी बघू.